पदरचे दोन तास

धाकट्या लेकीच्या लग्नात वऱ्हाड रिकाम्या सभागृहात ताटकळत बसलं, त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. त्या वर्षी दोन बंदरांनी करार केला, आणि त्या करारापायी दोन विहिणींना रोज सकाळी एकमेकींशी बोलणं भाग पडलं.

लेकीच्या आईला सगळे धक्केबाई म्हणत. बंदरात कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला आणि किती वाजता लागायचं, हे तिच्या हातात होतं. मनोऱ्याच्या टोकाला काचेची गोल खोली, तिथं तिची खुर्ची, खुर्चीवर घरून आणलेली उशी, समोर फोन आणि दुर्बीण. मोठमोठे कप्तान तिच्या एका शब्दावर समुद्रात थांबून राहत. घरी मात्र आपलं कुत्रंसुद्धा ऐकत नाही, असं ती स्वतःच सांगायची.

गंमत अशी, की लेक दिली ती दुसऱ्या बंदरगावात, आणि मुलाची आई त्या बंदरात हेच काम करणारी. स्थळ आलं तेव्हा लोक म्हणाले, दोघी एकाच कामातल्या, छान जमेल. बोलणाऱ्यांचं काय जातं?

या कामात एक जुनी रीत होती. जहाज वेळेवर येणार नाही हे धरूनच चालायचं. म्हणून धक्का आठला मोकळा होणार असेल, तर कप्तानाला सहा सांगायचं. पदरचे दोन तास घालायचे. कप्तानही काही कालचे नव्हते. ते सांगितलेल्या वेळेवर विश्वासच ठेवत नसत. कुणी आरामात उशिरा यायचा, कुणी नंबर जाईल या भीतीपोटी तेल जाळत सुसाट यायचा आणि बंदराबाहेर नांगर टाकून इंजिन धडधडत ठेवायचा. त्याचा धूर वाऱ्याबरोबर गावावर यायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. गावात ऊन पडलं की आधी समुद्राकडे बघायचं आणि मग दोरीवर कपडे टाकायचे, अशी सवयच लागली होती.

धक्केबाईची जीभ या रितीत इतकी मुरली होती, की घरातही ती खरी वेळ कधी सांगत नसे. लग्नाची वेळ मुलाकडच्यांना फोनवरच कळवायची होती, विहिणीनं विहिणीला. लग्न बाराला होतं. धक्केबाईनं दहा सांगितलं. वऱ्हाड काय आणि जहाज काय, सारखंच, असा तिचा हिशेब.

लग्नाच्या दिवशी फुलांच्या टोपल्या घेऊन ती दहाच्या सुमाराला सभागृहात पोचली, तर आत वऱ्हाड बसलेलं. झाडणारा माणूस त्यांच्या पायांखालून ओलं फडकं फिरवत होता. "जरा पाय वर घ्या," म्हणत होता आणि नटलेली माणसं मुकाट्यानं पाय वर घेत होती. खुर्च्या भिंतीला रचून ठेवलेल्या, त्यातली एक घडीची खुर्ची उलगडून विहीणबाई मधोमध बसल्या होत्या. ताठ. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"आज लग्न आहे ना इथं?" विहीणबाईंनी विचारलं. "का आम्ही साफसफाईला आलोय?"

त्यानंतर लग्न लागलं, जेवणं झाली, लेक सासरी गेली, पण विहीणबाई धक्केबाईशी बोलल्या नाहीत. सगळ्या गोतावळ्यात मात्र एकच वाक्य फिरत राहिलं. "आम्हाला चार तास बसवून ठेवलं."

"चार?" धक्केबाई घरी चिडायची. "दहाला सांगितलं, बाराला लागलं. दोन झाले. चार कुठून आणले हिनं?"

तिचा नवरा तांडेल. आयुष्यभर जहाजं ओढून आणणारी टगबोट चालवून आता निवृत्त झाला होता आणि घरातले कपडे धुवायचं काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं होतं. तो चादर पिळत म्हणायचा, "अगं, वरमाईचे तास मोठे असतात."

वर्ष सरत आलं. तोवर लेकीला दिवस गेले, सातवा लागला, आठवा लागला. लेक फोनवर म्हणाली, "आई, डॉक्टर मला प्रवास नको म्हणतात. तू ये ना बाळंतपणाला. मला तू हवीस."

"त्या घरच्या बाईला एकदा या म्हणू दे. उडत येते."

"मी म्हणतेय ना या."

"तू म्हणून काय उपयोग? तू माझी लेक. बोलावणं घरच्या कर्तीचं लागतं."

"सासूबाई म्हणतात, आधी त्यांनी चार तासांचं काहीतरी बोलावं."

"दोन," धक्केबाई म्हणाली आणि गोष्ट तिथंच राहिली.

आणि अशात करार आला. किनाऱ्यावरच्या बंदरांनी मिळून धूर कमी करायचा, असं वर ठरलं होतं. सुरुवात या दोन बंदरांनी करायची. जहाजानं धावत यायचं नाही. पुढच्या बंदरानं मागच्या बंदराला सांगायचं, धक्का अमुक वाजता मोकळा होतोय. मागच्यानं ते कप्तानाला सांगायचं, आणि कप्तानानं हळूहळू, थोडं तेल जाळत, नेमकं त्या वेळेला यायचं. धक्क्याला लागलं की किनाऱ्यावरची जाड वीजतार जहाजाला जोडायची आणि इंजिन पार बंद. दोन्ही बंदरांनी सारख्याच मापाचे प्लग घेतले होते. तीन फेऱ्यांची चाचणी होती. जमलं तर बाकीची बंदरं येणार, नाही जमलं तर करार गुंडाळणार.

हे बघायला एक तरुण साहेब नेमला होता. त्याला सगळे करारसाहेब म्हणू लागले. माणूस नीटस, बोलायला मऊ. जिने चढून मनोऱ्यात आला की आधी धापा टाकत हसायचा आणि मग बोलायचा. त्यानं धक्केबाईला एवढंच सांगितलं, "रोज सकाळी नऊला पलीकडच्या मनोऱ्याशी बोलायचं. आणि वेळ खरी सांगायची."

"मी कधी खोटी सांगितली?" धक्केबाई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

पहिल्या सकाळी तिनं केस नीट केले, फोनवर काही दिसत नाही हे माहीत असूनही. तांडेलनं डबा देताना विचारलं, "काय बोलणार?"

"वारा, भरती-ओहोटी आणि धक्का. आणखी काय?"

"आणि लेकीचं?"

"बघू."

पलीकडून आवाज आला, "पलीकडचं बंदर बोलतंय." विहीणबाई असं म्हणाल्या नाहीत, की मी बोलतेय.

"इकडचं बंदर," धक्केबाई म्हणाली. "वारा कसा आहे?"

"ठीक."

"समुद्र?"

"ठीक."

"बाकी?"

"बाकी नववा लागलाय," विहीणबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एवढंसं बोलणं, पण धक्केबाई दिवसभर तेच घोळवत राहिली. पुढे रोज तसंच चाललं. वारा झाला, समुद्र झाला, की शेवटी "बाकी" विचारायचं. कधी कळायचं, पायाला सूज आहे. कधी कळायचं, रात्री दहीभात मागितला आणि खाल्ला नाही. विहीणबाई हे सगळं हवामानाच्या सुरात सांगायच्या. पण सांगायच्या. धक्केबाईच्या मनानं घेतलं, की हा फोन चालू राहिला तर बाळ यायच्या आत बोलावणं येईल. करार मोडला तर बोलायला निमित्तच उरणार नाही.

पहिल्या फेरीचं जहाज विहीणबाईंच्या बंदरातून निघालं. जुनं मालवाहू जहाज, त्याचा कप्तान त्याहून जुना. सगळे त्याला कासव म्हणत, कारण तो सांगितलेल्या वेळेवर जन्मात कधी आला नव्हता. पण करारसाहेबानं त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की या वेळी सांगतील ती वेळ खरी मानायची. धक्का आठला मोकळा होणार होता. धक्केबाईनं आदल्या सकाळी पलीकडे सहा सांगितलं. जीभच तशी वळली.

कासव आयुष्यात पहिल्यांदा वेळ पाळून आला, आणि संध्याकाळी चारलाच बंदराच्या तोंडाशी हजर झाला. धक्क्यावर दुसरं जहाज अजून पोती उतरवत होतं. कासवानं बाहेर नांगर टाकला आणि इंजिन धडधडत ठेवलं. वारा गावाकडे होता. धक्केबाई घरी गेली तेव्हा तांडेल अंगणात काजळीचे ठिपके पडलेली चादर धरून उभा होता.

"हा तुमचा स्वच्छ समुद्र," तो म्हणाला. "आधी नुसतं जहाज धूर करायचं. आता साहेबही येतो धूर बघायला."

दुसऱ्या फेरीला तेच झालं. धक्का आठला, जहाज चारला, चादर काळी. कासवानं फोनवर सगळ्यांना ऐकवलं. "बायांनो, आयुष्यभर उशिरा आलो तर कुणी काही बोललं नाही. आता सांगाल तेव्हा येतोय, तर गाव मला शिव्या देतंय."

दुसऱ्या दिवशी करारसाहेब जिने चढून आला. या वेळी हसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "बाई, वरून विचारणा झाली. तिसरी फेरी अशीच गेली तर मला चाचणी बंद करावी लागेल. माझा तुमच्यावर आरोप नाही. फक्त एक गोष्ट मला सुटत नाही. दोन्ही वेळा जहाज चार तास आधी आलं. वादळ नाही, बिघाड नाही. बरोब्बर चार. हे चार तास येतात कुठून?"

धक्केबाईच्या कानात ते चार तास घुमत होते, पण साहेबाच्या नव्हे, विहीणबाईंच्या आवाजात.

"पुढच्या फेरीला कप्तानालाही फोनवर घेऊ," साहेब जाताना म्हणाला. "तिघं एकदमच बोला."

संध्याकाळी ती घरी आली आणि चपला न काढताच अंगणात गेली. तांडेल तीच चादर तिसऱ्यांदा धूत होता.

"अहो, मी त्यांना दहा सांगितलं होतं ना?"

"कुणाला?"

"विहीणबाईंना. लग्नाचं."

"वर्षभर हेच ऐकतोय."

"आणि त्यांनी त्यांच्या वऱ्हाडाला किती सांगितलं असेल?"

तांडेलनं चादर बादलीत सोडली. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं.

"आठ," तो डोळे पुसत म्हणाला. "तिनंही घातले पदरचे दोन. अगं, ती पण तुझ्याच जातीची. मनोऱ्यात बसणारी."

"म्हणजे चार तास बसले ते खरंच. खोटं नव्हत्या बोलत."

"बसले. पण त्यातले दोन तिचे."

"आणि वर्षभर सगळे माझ्या नावावर मांडले."

"आता हुकमाचं पान तुझ्या हातात आलंय," तांडेल म्हणाला. "उतरणार का?"

ती रात्रभर कूस बदलत राहिली असं काही झालं नाही. ती छान झोपली. पण सकाळी जिने चढताना ती हिशेब करू लागली. साहेबासमोर, कप्तानासमोर हे काढलं तर जिंकणं सोपं होतं. विहीणबाईंना तोंड वर काढता आलं नसतं. आणि मग बाळंतपणाचं बोलावणं पुढच्या जन्मीच आलं असतं. काढलं नाही, तर ते चार तास आपल्या डोक्यावर जन्मभर राहणार होते.

नऊ वाजले. साहेब खिडकीपाशी उभा होता. फोनवर विहीणबाई होत्या आणि मागे कासवाच्या खोलीतला पंखा घरघरत होता.

"वारा?" धक्केबाईनं विचारलं.

"ठीक."

"धक्का उद्या..." ती थांबली. तिच्या तोंडात सहा आला होता. तो तिनं गिळला. "धक्का उद्या रात्री आठला मोकळा होतोय. आठ म्हणजे आठ. आजवर मी दोन तास आधीचं सांगत आले. पदरचे घालून. आज घातलेले नाहीत."

साहेबानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर उजाडत गेलं, पण तो शहाणा होता. "मी खाली तार बघून येतो," म्हणाला आणि जिन्यावरून उतरून गेला.

तिनं फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"आणि लग्नातही घातले होते," धक्केबाई म्हणाली. "तुम्हाला दहा सांगितलं, होतं बाराला. ते दोन माझे. त्याचं मला वाईट वाटतं. तुम्हाला तिथं बघून तेव्हाच बोलायला हवं होतं."



"दोनच का?" विहीणबाईंनी विचारलं. आवाज हवामानाचा नव्हता.

"माझे दोनच."

"मग उरलेले?"

"ते मी विचारत नाही."

आता पंख्याच्या आवाजात कासवाचा आवाज मिसळला. "बाई, तुमचं घरचं चालू दे, माझं काही म्हणणं नाही. पण मला वेग ठरवायचाय. आठ धरू, सहा धरू का चार धरू?"

आणि पलीकडून विहीणबाई हसल्या. आधी नाकातून, मग मोकळ्या. धक्केबाईनं त्यांना हसताना कधी ऐकलंच नव्हतं. त्यांचं हसणं एखाद्या शाळकरी पोरीसारखं होतं.

"आठ धरा, कप्तान," त्या म्हणाल्या. "मी सहा सांगणार होते." मग जरा थांबून म्हणाल्या, "विहीणबाई, वऱ्हाडाला मी आठ सांगितलं होतं. आमच्याकडची माणसं, तुम्हाला माहीत नाही, बसमध्ये बसायलाच तास घेतात. त्या दिवशी मेले सगळे वेळेवर आले. मला तरी काय माहीत?"

"वऱ्हाड आणि जहाज."

"तेच ना. आणि सभागृहात बसल्यावर मला कळत होतं, की यातले दोन माझेच. पण चाळीस माणसांसमोर बोलणार कशी? घरात तर अजून सगळ्यांना वाटतंय चारही तुमचे."

"वाटू दे," धक्केबाई म्हणाली. "माझं काही झिजत नाही. घरात वरमाईची मान ताठ राहिलेली बरी."

"नाही, आज सांगते मी जेवताना," विहीणबाई म्हणाल्या. "सून हसेल. हसू दे. तिला हसायला हवंच आहे आता, कंटाळलीय बिचारी." मग त्यांनी घसा साफ केला. "तुम्ही कधी येताय?"

धक्केबाई खुर्चीतून उठून उभी राहिली.

"हे जहाज माल उतरवून परत फिरेल, त्यानंच या. साहेबाला सांगून परवानगी काढते. बघू तरी, सांगितलेल्या वेळेला येता का."

दुसऱ्या दिवशी रात्री आठला कासव धक्क्याला लागला. धुराची एक पातळ रेघ, तीही समुद्राकडे वळलेली. करारसाहेबानं स्वतः उभं राहून जाड तार जोडून घेतली. इंजिन बंद झालं, आणि धक्क्यावरची माणसं बोलता बोलता गप्प झाली, कारण आपण ओरडून बोलतोय हे त्यांना तेव्हाच कळलं. तांडेलनं चाचणीची चाचणी म्हणून चादर मुद्दाम दोरीवर ठेवली होती. सकाळी ती त्यानं करारसाहेबाला नेऊन दाखवली. साहेबानं ती हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "हिचा फोटो वर पाठवू का?"

"पाठवा," तांडेल म्हणाला. "पण चादर परत द्या. घरात दोनच आहेत."

धक्केबाई जहाजानं निघाली. तांडेल बसनं मागून येणार होता, कारण दुसऱ्याच्या हाताखाली जहाजात बसणं त्याला सोसत नसे. तिच्या पिशवीत बाळाची सहा दुपटी होती, तिच्याच जुन्या सुती साड्यांची. अर्ध्या दिवसातच तिचा जीव कासावीस झाला. किनारा तिथंच, तोच डोंगर उजव्या हाताला.

"कप्तान, जरा वाढवा की वेग."

"नाही वाढणार. करार आहे."

"अहो, माझी लेक बाळंत व्हायला आलीय."

"तुमच्या विहिणीनं दुपारी दोन सांगितलंय. दोनला पोचू." कासवानं तिला स्वतःची खुर्ची दिली. "बाई, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला वर बसून थांबवत होता. आता कळलं का, इथून कसं दिसतं?"

"कळलं," ती म्हणाली. "गप्प बसा आणि चालवा."

दोन वाजता जहाज धक्क्याला लागलं. शिडीवरून उतरताना धक्केबाईनं बघितलं, तर क्रेनच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून विहीणबाई बसल्या होत्या. ताठ. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. उन्हानं गाल लाल झाले होते.

"किती वेळ झाला येऊन?" धक्केबाईनं विचारलं.

"चार तास." विहीणबाई उठल्या आणि खुर्चीची घडी करून बगलेत मारली. "मनच लागेना घरी. तुमच्या लेकीला सकाळपासून कळा येताहेत, पण डॉक्टर म्हणतात संध्याकाळ होईल. त्यांना मी विचारलं, खरी संध्याकाळ का तुमच्या पदरची?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, तुम्ही बाहेर बसा." विहीणबाईंनी तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "चला. चालता चालता सांगते. आणि काय हो, ती दुपटी दाखवा बघू आधी."

नात पहाटे झाली, डॉक्टरांच्या वेळेला नाही आणि कुणाच्याच नाही. तिची पहिली अंघोळ दोघींनी मिळून घातली आणि पाण्याच्या उबेवरून दोघींचं पहिलं मोकळं भांडण झालं.

करारात पुढे पाच बंदरं आली. सकाळी नऊचा फोन चालू राहिला. वारा, समुद्र, धक्का, आणि मग बाकी. बाकीला जास्त वेळ लागायचा, आणि करारसाहेब ते चालवून घ्यायचा.

नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, मंगळवारी पहाटे विहीणबाई गेल्या. त्या दिवशी नऊचा फोन विहीणबाईंच्या जागी धक्केबाईच्या लेकीनं केला.